आमचे बुवा आणि माझी सही

आई, परवा शुभाताईंचा फोन आला होता. नागपूरला पोचून त्यांना आठवडा झाला असेल. रेवा कशी आहे, समीर नीट जेवतो का, असलं काही नाही. त्यांनी एकच विचारलं, की मी विमानात आहे हे तुला माहीत होतं ना. मी म्हटलं, हो, माहीत होतं. त्यावर त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा कणीक मळायला घेतली, कारण रेवा शाळेतून यायची वेळ झाली होती आणि तिला दारातच भूक लागलेली असते.

तुमचीच लेक ती. जिथे दुखतं तिथेच बोट ठेवते.

तुम्हाला त्या मंगळवारचं काही कळलं नसणार, म्हणून सांगते. सकाळपासून तुमची धाप थांबत नव्हती. ऑक्सिजन होता, पण तुमच्या फुप्फुसांना त्याचा उपयोग राहिला नव्हता. अकराच्या सुमाराला वॉर्डमधल्या डॉक्टर बाई मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, मॉर्फिन वाढवू या, सोबत झोपेचं औषध देऊ या, पंपानं, सतत. त्रास थांबेल. श्वास मंदावू शकतो. आणि त्या बहुतेक पुन्हा जाग्या होणार नाहीत. हो म्हणायचं की नाही हे मला ठरवायचं होतं, कारण फोलमाख्टवर नाव माझं होतं. आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कोणी बोलायचं, त्याचा तो कागद. तुम्ही तो माझ्या, सुनेच्या नावानं केला होतात, मुलाच्या नाही, लेकीच्याही नाही.

मी विचारलं, उद्या सकाळपर्यंत थांबता येईल का, त्यांची मुलगी येते आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, येईल, पण त्यांच्याकडे बघा. मी म्हटलं, कमी डोस देऊन बघा. त्यांनी दिला. मी चार तास तुमच्याकडे बघत बसले. प्रत्येक श्वासाला तुमच्या गळ्याखाली खड्डा पडत होता, आणि तुम्ही पलंगाचा कठडा धरून उठायला बघत होतात. मला ओळखतही नव्हतात. तुमचा समीर बाहेर कॉफीच्या मशीनपाशी उभा होता. मी दोनदा जाऊन त्याला विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, तू बघ. सव्वातीनला मी सही केली. चारपर्यंत तुम्ही शांत झोपलात.

शुभाताई बुधवारी सकाळी विमानतळावरून थेट वॉर्डमध्ये आल्या. तुम्ही फोनवर मागितली होती म्हणून तिळाची चटणी आणली होती, डबा हातातच होता. त्यांनी तुम्हाला खूप हाका मारल्या. मग तुमचा तळपाय धरून दिवसभर बसून राहिल्या. संध्याकाळी तुम्ही गेलात. डोळे एकदाही उघडले नाहीत.

पुढे दोन आठवडे त्या आमच्या घरी होत्या आणि आम्ही यावर एक अक्षर बोललो नाही. बोलायला उसंतही नव्हती म्हणा. इथे जर्मनीत माणूस गेल्यावर किती कागद लागतात. दहनाआधी आणखी एक डॉक्टर येऊन तपासून जाणार, मग तारीख मिळणार. तुमचं दहन नवव्या दिवशी झालं. दहावा कुठल्या दिवसापासून धरायचा यावर अमरावतीच्या गुरुजींशी व्हिडिओ कॉलवर तासभर खल झाला. शेवटी ते म्हणाले, तुम्हाला जमेल तसं करा. मी जन्मात पहिल्यांदा कुठल्या गुरुजींना इतकं दमलेलं पाहिलं. मग शुभाताई अस्थी आणि त्यांचे तीन भाषांतले कागद घेऊन गेल्या. दारात मला म्हणाल्या, येते. बस, एवढंच.

आता सांगायचं ते असं, की तुमच्या लेकीच्या प्रश्नामागे जो प्रश्न आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे. आणि ते मला घेता येत नाही, कारण तीन वर्षं मी तेच उत्तर खोडून काढत होते.

आपला वाद. तुमच्या बुवांवरचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, सासूबाई तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक, म्हणजे गीता आणि उपनिषदं. निघालं भलतंच. मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मचिंतनाचा पेपर कॉलेजात कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून तुमच्या गळ्यात पडला, आणि तीस वर्षं तुम्ही तो शिकवलात. पोरं म्हणे दोन ठरलेले प्रश्न येतात म्हणून तो घ्यायची. तुम्ही मात्र त्यात अडकलात. तेराव्या शतकातल्या त्या जाड्या संन्याशाला तुम्ही ‘आमचे बुवा’ म्हणायचात, आणि म्हणायचात असं, की नव्या माणसाला वाटावं, अमरावतीत कुठेतरी यांचे बुवा आहेत, दर गुरुवारी जातात.

बाबा गेले आणि व्हिसाचं ते सगळं महाभारत करून आम्ही तुम्हाला र्युसेल्सहाइमला आणलं. पहिल्याच महिन्यात मी तुम्हाला माइंझचं कॅथीड्रल बघायला नेलं, फेब्रुवारीत. तीस वर्षं जे शिकवलं त्याचं घर पहिल्यांदा बघणार म्हणून मी फोन काढून तयार, तुमच्या चेहऱ्याचा फोटो घ्यायला. आणि तुम्ही दाराशी वाकून बूट काढलेत. मी नको नको म्हणेपर्यंत नुसत्या मोज्यांवर आत गेलातही. तिथली देखरेखीची बाई धावत आली. तुम्ही तिला इंग्रजीत समजावून सांगितलंत की आम्ही असंच जातो. ती तुमच्या पायांकडे बघत राहिली आणि निघून गेली. तुम्ही एका खांबाला हात लावलात, मग मला म्हणालात, “इतका गारठा होय. म्हणून बुवा लोक रात्रंदिवस लिहीत बसायचे. झोपच लागत नसणार.” घरी येऊन आठवडाभर सर्दी. तो फोटो राहूनच गेला.

वादाचा नियम तुम्हीच घातलात. बुवांच्या काळी वाद कसा चालायचा ते सांगून. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तेही त्याला स्वतःला जमलं नसतं इतकं चांगलं. तो म्हणाला की हो, हेच मला म्हणायचं होतं, तरच पुढे खोडायला तोंड उघडायचं. मला आधी वाटलं, पोरखेळ आहे. करून बघितलं तेव्हा कळलं, किती छळ आहे तो. निम्म्या वेळा मला तुमचं म्हणणं मांडताच यायचं नाही, कारण मी ऐकलेलंच नसायचं. आणि रेवा, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून जर्मनच निघतं, ती मध्ये बसून पंच व्हायची. तिच्याकडून तुम्ही एक जर्मन शब्द उचललात. मी तुमचं म्हणणं बरोबर मांडलं की मान डोलवून म्हणायचात, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. तुमचा तो गेनाऊ पडेस्तोवर मला चहाचा घोट घेता यायचा नाही.

समीर कधी या भानगडीत पडला नाही. नियम सुरू झाला की कप उचलून बाहेर. म्हणायचा, मी लहानपणीच हरलोय, तुमचं चालू द्या. मी त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

आता वाद. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते. समोर माणूस आला असं कॅमेऱ्याला वाटलं, तर गाडीनं आपणहून ब्रेक मारायचा. ‘वाटलं’ म्हणजे किती वाटलं, हे आम्ही ठरवायचं. जरा जास्त घाबरट केली तर माणूस वाचतो, पण कधीतरी कुणीच नसताना गाडी थांबते आणि मागचा येऊन आदळतो. हे आम्हाला माहीत असतं. माहीत असून आम्ही आकडा टाकतो. मी एकदा जेवताना हे बोलून गेले आणि तुमचे डोळे चमकले. म्हणालात, हा तर आमच्या बुवांचा प्रश्न. एकाच कामातून दोन गोष्टी निघतात, एक आपल्याला हवी असते, दुसरी नको असते पण दिसत असते. ती दुसरी आपण केली म्हणायची का?

तुमचे बुवा म्हणायचे, पहिलीसारखी नाही. मी म्हणायचे, तशीच. होणार हे माहीत असून केलं, म्हणजे केलं. हेतूबितू मागाहून चिकटवायच्या गोष्टी. तुम्ही विचारलंत, दाताचा डॉक्टर मला रडवायला बसलाय असं तुझं म्हणणं आहे का. मी म्हटलं, आई, तुम्ही आमच्या मीटिंगा बघितल्या नाहीत. तिथे प्रत्येक जण हेच म्हणत असतो, की आमचा तो हेतू नव्हता. उद्या कुठलीही कंपनी उठेल आणि माणसं जखमी करून म्हणेल, हेतू नव्हता हो. तुमच्या बुवांनी सगळ्यांना पळवाट करून दिली आहे.

त्यावर तुम्ही चिडलात. तुम्ही चिडलात की वऱ्हाडी व्हायचात. “पळवाट काहून होईल? बुवा कोणाला सोडत नाहीत. माझा हेतू नव्हता म्हणणाऱ्यानं आधी दाखवावं, दुसरं टाळायसाठी त्यानं काय काय केलं. आणि वाईट गोष्ट करून तिच्यातून चांगलं काढलं असेल, तर मग हेतूचं नावच घ्यायचं नाही.”

याच्यावर आपण किती रविवार घालवले. मेन नदीच्या काठी फिरायला जायचो, तुम्हाला दम लागायला लागला होता तेव्हाही. प्रत्येक बाकावर बसत, वाद घालत. मी हरले नाही. तुम्हीही नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही, ती आज सांगून टाकते. तुमचं ते टाळायसाठी काय काय केलंवालं मी ऑफिसात नेलं. मीटिंगमध्ये म्हटलं, मागच्याला लागेल हे माहीत आहे ना, मग त्याला आधी इशारा द्यायला आपण काय केलंय? चार महिने आम्ही त्यावर काम केलं. आता आमचा ब्रेक लागायच्या आधी मागचे दिवे भराभर लुकलुकतात, आणि पहिला झटका हलका असतो. तेराव्या शतकातले तुमचे बुवा रस्त्यावर धावतायत, आई. मी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात. किती कोतं मन माझं. तुम्ही केवढ्या खूश झाला असतात, शुभाताईंना लगेच फोन लावला असतात.

थकव्याचंही तुम्ही एकदा सांगितलं होतं. वाळवंटात एकेकटे राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंना भर दुपारी एक दुखणं लागायचं. वाचवत नाही, बसवत नाही, उठून दाराबाहेर बघायचं, सूर्य अजून इथेच का म्हणून. बुवांनी ते पापात धरलं आहे. मी हसले होते. म्हटलं, मग अख्खं ऑफिस पापी आहे. तुम्ही म्हणालात, आळस नव्हे गं तो, जे चांगलं आहे त्याचंच वाईट वाटायला लागणं, ते. तेव्हा मला समजलं नव्हतं. आता रेवा न्हाणीघरात गाणं म्हणते आणि मला वाटतं, गप्प बसावं हिनं. चांगलं ऊन पडतं तर पडदा ओढावासा वाटतो. त्या साधूंना उपाय काय सांगितला होता, तर खोली सोडायची नाही आणि हाताला काम ठेवायचं. म्हणून मी कणीक मळते. डॉक्टरनं दिलेली रजा संपली, सोमवारपासून ऑफिस.

पण ऑफिसला जायच्या आधी मला माझं उत्तर हवं आहे. मी तुम्हाला मारलं का, हा एक प्रश्न. शुभाताईंशी बोलायचे तुमचे शब्द मी काढून घेतले का, हा दुसरा. माझ्या बाजूनं बघितलं तर उत्तर सोपं आहे. माहीत होतं आणि केलं, म्हणजे केलं. तुमच्या बाजूनं बघितलं तर मी सुटते. मला हवा होता तुमचा त्रास थांबायला, बाकीचं दिसत होतं पण नको होतं, आणि टाळायला चार तास मी धडपडले. किती नीट बसतं. मी पहिल्याच आठवड्यात तुमच्या बाजूला येऊन उभी राहिले असते. पण तुमचंच वाक्य आडवं येतं: “सोयीचं म्हणून पटलं, तर ते पटणं नव्हे.”

आणि आता शनिवारचं सांगते. तेव्हापासून मी तुमच्यावर रागावले आहे.

आधी मागचं. दोन वर्षांपूर्वी दुखण्याचं नाव कळलं, तेव्हा तो फोलमाख्टचा फॉर्म घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी भाजी चिरत होते. तुम्ही म्हणालात, यात तुझं नाव घालते आहे. समीर हळवा आहे, शुभा लांब आहे, तू वाद घालतेस, म्हणून तू. मी वरवर म्हटलं, अहो, असं काय बोलता. आतून मला काय वाटलं सांगू? मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. पोटच्या पोरांना सोडून सुनेला निवडलं. मी त्याच दिवशी चिंचवडला माझ्या आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या सासूला माणसाची पारख आहे. वॉर्डमध्ये सही करतानाही मी स्वतःला तेच सांगितलं, की यांनी मला पारखून घेतलंय.

तर शनिवारी आम्ही तुमचे ऑर्डनर आवरायला बसलो. कागदांच्या त्या जाड फायलींचं वेड तुम्हाला इथे आल्यावर लागलं, प्रत्येकीला रंगीत पान, त्यावर तुमचं मराठी अक्षर. फोलमाख्टचा कागद निघाला. मी तो हातात घेऊन बसले असेन थोडा वेळ. समीर समोर होता. खाली बघत म्हणाला, “आईनं आधी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मला नाही जमणार म्हटलं. तर म्हणाली, ठीक आहे, मंजिरीला असं सांगते की मला तीच हवी आहे. तू काही बोलू नकोस.”

दोन वर्षं तो काही बोलला नाही. त्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशीही नाही. मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही. फार काही बोलले नाही खरं तर, अंगात त्राणच नव्हतं. तो रडला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझं मन त्या वेळी दुसरीकडेच होतं, तुमच्याशी भांडत होतं.

पारख कसली डोंबलाची. मुलाला वाचवायचं होतं, म्हणून सुनेला पुढे केलंत. आणि वर अशी गोड स्तुती, की मी हसत हसत मान पुढे करावी. तुम्हाला काय माहीत नव्हतं? सही करणाऱ्याच्या डोक्यावर आयुष्यभर काय बसतं, ते माहीत होतं. शुभाताई काय म्हणतील, तेही माहीत असणार, लेक तुमची. सगळं माहीत असून तुम्ही केलंत. त्या दिवशी मी तुमच्या खोलीचं दार पुन्हा उघडलं नाही.

रविवारी दुपारी मी एकटीच मेनच्या काठी गेले. आपल्या तिसऱ्या बाकावर बसले, जिथे तुम्हाला हमखास बसावं लागायचं. म्हटलं, भांडायचं तर नियमानं. आधी तुमचं म्हणणं मांडते. आणि मांडायला लागले, तोंडानं, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघितलं तर बघू दे.

आई, तुमचं म्हणणं असं असणार. समीरला ते झेपलं नसतं. बाबांच्या वेळी तो दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिला होता, ते तुम्ही पाहिलं होतं. त्याला वाचवायचं हे तुमच्या मनात होतं. मला त्रास होईल हे तुम्हाला दिसत होतं, पण तो व्हावा असं तुमच्या मनात नव्हतं. माझ्या त्रासातून त्याची सुटका झाली असंही नाही. मला काही झालं नसतं, मी सही करून शांत झोपले असते, तर तुम्हाला हवंच होतं. आणि तो त्रास कमी व्हावा म्हणून तुमच्या हातात जे होतं ते तुम्ही केलंत. मला सांगितलंत की मला निवडलंय. ते खोटं होतं. पण सही करताना मी त्याच खोट्याला धरून उभी होते, आणि पडले नाही.

एवढं बोलून मी थांबले. तुमचा गेनाऊ येणार नव्हता, पण मी थांबले.

मग खोडायची पाळी माझी. आणि मला खोडता येईना. माझ्या नियमानं बोलायचं तर मला म्हणावं लागेल, की तुम्ही मला दुखावलंत, ठरवून, कारण माहीत होतं आणि केलंत. तसं म्हणून बघितलं. ते खोटं आहे. तीन वर्षं माझ्या हातचा चहा घेऊन, माझ्याशी वाद घालून, दुपारी माझ्या केसांना तेल लावणारी बाई मला दुखवायला बसली होती, हे खोटं आहे. तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही मला दुखवायला ते केलं नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बुवांचं बरोबर आहे. म्हणजे मी हरले.

आणि हे माझ्या सोयीचं नव्हतं, आई. तुमच्यावर रागवून बसणं जास्त सोयीचं होतं. तेवढ्यासाठी मला वाटतं, हे पटणं खरं असावं. तुम्हाला दोषातून सोडलं, तर स्वतःला धरून ठेवायला माझ्याकडे कारण उरत नाही. तसं पूर्ण सुटल्यासारखं वाटत नाही. पण कठड्याला धरलेला तुमचा हात डोळ्यांसमोर आला, आणि पहिल्यांदाच त्याच्यामागे माझी सही आली नाही.

मी तिथूनच शुभाताईंना फोन लावला. त्यांनी उचलला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

“शुभाताई, आधी मी तुमचं म्हणणं सांगते,” मी म्हटलं. “चुकलं तर थांबवा. तुम्ही आईंना दीड वर्ष पाहिलं नव्हतं. मी येते असं तुम्ही त्यांना फोनवर सांगितलंत आणि त्या हो म्हणाल्या. म्हणजे त्या थांबणार होत्या. आणखी अठरा तास सोसायचे की नाही, हे त्यांचं होतं, आणि तुमचं. माझं नव्हतं. मला त्यांचे हाल बघवेनात म्हणून मी त्यांना झोपवलं. त्यांच्यासाठी केलं असं मी म्हणते, पण थोडं तरी माझ्यासाठी केलं. आणि त्या तुमच्याशी काय बोलल्या असत्या, ते आता कोणालाच कधी कळणार नाही.”

पलीकडे पंख्याचं बटण खट्ट वाजलं, आवाज थांबला.

“बरोब्बर,” शुभाताई म्हणाल्या.

तुमच्याच सुरात, आई. मान डोलवलेली मला इथे बसून दिसली. मी तीन वर्षं समजत होते की तो नियम आपल्या दोघींचा, माझ्या स्वयंपाकघरातला. तुम्ही तो अमरावतीहून आणला होतात. तिकडे जर्मन शब्द नव्हता, एवढंच. लहानपणी समीर कशात हरायचा, ते मला आत्ता कळत होतं. आणि तो ज्यात हरायचा, त्यात जिंकणारी त्याची बहीण फोनवर नाक ओढत होती.

“मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं,” त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, “आता तुझी पाळी.”